गोळी घेऊनही पाळी आली नाही: भरतीची मुलगी आणि तिची आई

"मॅडम, पाच महिने झाले हिला पाळी नाही. मेडिकलमधून पाळी यायची गोळी आणून दिली, पाच दिवस नेमानं घेतली, तरी एक थेंब नाही. आता हिला पुढं मूलबाळ होईल ना?"

प्रश्न आईचा. मुलगी एकोणीस वर्षांची, पोलिस भरतीच्या अकॅडमीत सात महिन्यांपासून. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आकडे मात्र अशा मुलींत नेहमी दिसतात तसेच ठेवले आहेत. कबड्डी किंवा लांब पल्ल्याचं धावणं करणाऱ्या, लग्नाआधी महिनाभरात बारीक व्हायला निघालेल्या, स्पर्धा परीक्षेसाठी शहरात खोली करून राहिलेल्या आणि मेसचा एक डबा दोन वेळेला पुरवणाऱ्या मुलींच्या घरूनही हाच प्रश्न येतो.

आधी गोळीचं, कारण आई तिथंच घाबरली होती. ती गोळी प्रोजेस्टेरॉनच्या गटातली होती. अशी गोळी पाळी आणत नाही. गर्भपिशवीच्या आत इस्ट्रोजेननं (बीजकोशात बनणाऱ्या बायकी हार्मोननं) आधी अस्तर वाढवलेलं असेल, तर ही गोळी ते पक्कं करते आणि गोळी थांबली की बहुधा आठवडाभरात ते सुटून येतं. अस्तरच नसेल तर सुटून येणार काय? म्हणजे 'एक थेंब नाही' यातून वांझपणाचा काहीच पत्ता लागत नव्हता. शरीरात इस्ट्रोजेन फार कमी आहे एवढीच ती खूण होती. डॉक्टरांना ती उपयोगी पडते, घरच्यांना मात्र उगाच धसका देते. शिवाय गरोदरपणाची तपासणी न करता ही गोळी परस्पर घ्यायची नसते, मुलीचं लग्न झालेलं असो वा नसो.

फाइलमध्ये आणखी एक घोळ होता. सोनोग्राफीत दोन्ही बीजकोशांत बारीक बारीक गाठोळ्या दिसल्या म्हणून कागदावर 'पीसीओडी' लिहिलं गेलं होतं. सोबत मेटफॉर्मिन, म्हणजे एरवी मधुमेहात देतात ती गोळी, आणि सल्ला: वजन कमी करा. मुलीची उंची १५७ सेंटिमीटर, वजन ४४ किलो, म्हणजे बीएमआय १८ च्याही खाली. मेटफॉर्मिननं भूक मंदावते, तशी तिचीही मंदावली आणि जेवण आणखी घटलं.

सोनोग्राफीतलं ते चित्र तरुण मुलींत पीसीओडी नसतानाही दिसतं, आणि उपासमारीनं पाळी थांबलेल्या मुलींतही दिसतं. फरक रक्तात कळतो. पीसीओडीत एलएच, म्हणजे बीजकोशाला वरून हुकूम देणारं एक हार्मोन, बहुधा भरपूर असतं, पुरुषी हार्मोन वाढलेले असतात, हनुवटीवर केस किंवा मुरमं दिसतात आणि इस्ट्रोजेन फारसं घसरलेलं नसतं. या मुलीचं एलएच १.२, त्याच्याच जोडीचं एफएसएच ४.१, इस्ट्राडिओल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, २० च्या खाली. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) ठीक. एएमएच, म्हणजे बीजांच्या साठ्याचा अंदाज, वयाला साजेसं. बीजकोश उत्तम, पण वरून हुकूमच येत नाही, असा याचा अर्थ. डोकेदुखी, नजरेत बिघाड, स्तनातून दूध येणं किंवा वाढलेलं प्रोलॅक्टिन असतं तर मेंदूचा एमआरआय करून घ्यावा लागला असता. इथं यापैकी काही नव्हतं. सलग तीन महिने पाळी नाही, किंवा दोन पाळ्यांतलं अंतर सतत ४५ दिवसांच्या वर, की एवढ्या तपासण्या करून घ्याव्यातच. निदान मात्र बाकीची कारणं बाजूला सारल्यावरच करायचं. या स्थितीला डॉक्टर हायपोथॅलॅमिक अमेनोरिया म्हणतात.

वरून हुकूम म्हणजे मेंदूतून. हायपोथॅलॅमस हा जेमतेम चार ग्रॅमचा भाग. त्यात जीएनआरएच नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी सबंध मेंदूत हजार-दोन हजारच. त्या हे रसायन झटक्याझटक्यानं सोडतात, पाळीनंतरच्या पंधरवड्यात साधारण दर ६० ते ९० मिनिटांनी एकदा. प्रत्येक झटक्याला मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच सोडते, त्यावर बीजकोश इस्ट्रोजेन बनवतो. झटका महत्त्वाचा का, हे १९७८ साली अमेरिकेत पिट्सबर्गला अर्न्स्ट नॉबिल यांच्या प्रयोगशाळेनं माकडांवर दाखवलं. तासाला एकदा जीएनआरएच दिलं की सगळं सुरळीत, तेच सलग देत राहिलं की एलएच-एफएसएच खाली बसतं.

गंमत म्हणजे इस्ट्रोजेनचा निरोप घेणारा पेशीतला मुख्य रिसेप्टर (निरोप घ्यायची जागा), अल्फा, या जीएनआरएच पेशींत नाहीच. मधे किसपेप्टिनच्या पेशी आहेत. इस्ट्रोजेन त्यांच्याशी बोलतं आणि त्या पुढं सांगतात. त्यांचं प्रजननातलं काम २००३ साली उघडकीला आलं, म्हणजे ही माहिती तशी ताजी आहे. एरवी इस्ट्रोजेन या पेशींना लगाम घालतं. पण पाळीच्या मध्यावर, रक्तातली इस्ट्राडिओलची पातळी २०० पिकोग्रॅमच्या वर सलग दोनेक दिवस राहिली, की तेच इस्ट्रोजेन उलट काम करतं. एलएचची मोठी लाट उठते आणि साधारण ३६ तासांनी बीज बाहेर पडतं. या मुलीत गाडी तिथवर पोचतच नव्हती.

कारण किसपेप्टिनच्या पेशी इस्ट्रोजेनबरोबर शिल्लक ऊर्जाही बघतात. चरबीच्या पेशींतून निघणारं लेप्टिन त्यांना तो निरोप देतं, थेट आणि शेजारच्या पेशींमार्फतही. खाणं कमी पडलं की लेप्टिन पडतं, वजन दिसायला उतरण्याच्या कितीतरी आधी. पगार अर्धाच आला तर घरात दूध, किराणा, वीजबिल आधी भागवतात आणि बारसं-लग्न पुढं ढकलतात, तसं हायपोथॅलॅमस करतो. हृदय, मेंदू, स्नायू चालू ठेवतो, प्रजनन पुढं ढकलतो. थायरॉइडचं टी-थ्री उतरतं, थंडी जास्त वाजते, नाडी मंदावते. मुलीची बसल्या जागी नाडी ५० होती. अकॅडमीतले सर त्याला 'स्टॅमिना' म्हणत होते. धावणाऱ्यांची नाडी मंद असते हे खरं, पण पाच महिने पाळी नसताना आणि केस मुठीनं गळत असताना तेवढ्यावर समाधान मानता येत नाही.

२००४ च्या एका अभ्यासात अशाच ८ स्त्रियांना लेप्टिनची इंजेक्शनं देऊन पाहिली, तर तिघींना बीज सुटून पाळी आली. उपचार म्हणून लेप्टिन द्यावं असा याचा अर्थ नाही, त्यानं भूक आणि वजन आणखी उतरतं. पण बंद पडलेलं यंत्र सुरू होऊ शकतं, त्याला खबर हवी असते, हे त्यातून स्पष्ट झालं.

आता हिशेब. मुलीला 'नीट जेव' सांगून उपयोग नव्हता, ती नीटच जेवते असं तिचं प्रामाणिक मत होतं. म्हणून एका दिवसाची वही लिहून आणायला सांगितली. पहाटे पाचला कोमट पाण्यात लिंबू. साडेपाच ते साडेसात ग्राउंड. आठला तीन अंडी, पिवळं काढून टाकलेलं, आणि वाटीभर मोडाचे मूग. दुपारी तेल न लावलेल्या तीन चपात्या, पालेभाजी, ताक. चारला चहा आणि केळं. पाच ते साडेसहा पुन्हा ग्राउंड. रात्री दीड भाकरी, वाटीभर आमटी, काकडी. बेरीज साधारण १२०० कॅलरी. दोन्ही वेळच्या ग्राउंडवर खर्च ४५०. शरीराला उरल्या ७५०.

वजनातून चरबी वजा केली की तिचं उरलेलं वजन ३७ किलो. ७५० भागिले ३७, उत्तर २०. निरोगी शरीराला हा आकडा ४५ च्या आसपास लागतो. अमेरिकेत अ‍ॅन लाउक्स यांनी २००३ मध्ये नियमित पाळी असलेल्या तरुणींवर दाखवलं की हा आकडा ३० च्या खाली गेला तर पाचच दिवसांत एलएचचे झटके विरळ होतात. पाच दिवस! आणि ही मुलगी कित्येक महिने २० वर चालली होती. वही पाहून आईचा पहिला शब्द, "अगं, पण तू तर चार वेळा खातेस की." खात होतीच, त्यात चूक नव्हती. चपातीला तेल नाही, अंड्याला पिवळं नाही, पहाटे पोटात काही नाही, इथं ४०० कॅलरी गायब होत्या.

दुरुस्ती टप्प्यानं केली. एकदम ताट वाढवलं तर पोट फुगतं आणि मुलगी दुसऱ्याच दिवशी सोडून देते. पहिले दोन आठवडे: ग्राउंडला जायच्या अर्धा तास आधी एक केळं आणि दोन खजूर, आल्यावर म्हशीच्या दुधाचा पेला, अंडी पिवळ्यासकट. झाल्या ४५० कॅलरी. पुढं दुपारच्या प्रत्येक चपातीला चमचाभर तूप आणि चारच्या चहाबरोबर शेंगदाणा-गुळाचा एक लाडू, आणखी २८५. एकूण १९०० च्या वर. संध्याकाळचं ग्राउंड बंद, आठवड्यातून दोन दिवस पूर्ण सुट्टी. खर्च ४५० वरून २५० वर आला आणि भागाकार ४५ पाशी पोचला.

संध्याकाळचं ग्राउंड बंद करायला मुलगी तयार नव्हती. रागावण्यात अर्थ नव्हता, तिच्यासाठी ती नोकरी आहे. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक अशी परीक्षा असते, त्यात दिवसाला साडेतीन तास धावून मिळवण्यासारखं काय आहे, हा प्रश्न तिलाच विचारला. गोळा फेकायला स्नायू लागतात, आणि उपाशी शरीर स्नायूच मोडून खातं. हे तिला पटलं. गेल्या दोन महिन्यांत तिची ८०० मीटरची वेळ सुधारली नव्हती, हे तिनंच वहीतून दाखवलं. अकॅडमीतल्या सरांना डॉक्टरांची चिठ्ठी दिली, त्यात पाळीचा उल्लेख न करता फक्त 'कमी ऊर्जेमुळे हाडाला धोका, १२ आठवडे एकच सत्र' असं लिहून घेतलं. मुलींना सरांसमोर पाळीचं बोलायचं नसतं, तो अडसर असा काढता येतो.

हाडाचा धोका भीती घालण्यापुरता नव्हता. विशीच्या आसपासच हाडाची शिल्लक भरते, आणि इस्ट्रोजेन नसेल तर त्याच काळात ती गळते. नडगीला बारीक चीर पडून भरतीच्या दिवशीच लंगडणाऱ्या मुली दिसतात. पाळी सहा महिने बंद राहिली तर डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडाची घनता मोजणारी तपासणी, करावा. त्यात तरुण मुलींचा झेड-स्कोअर, म्हणजे त्याच वयाच्या मुलींशी तुलना, बघायचा, उणे २ किंवा त्याखाली असेल तर हाड वयाच्या मानानं कमी.

आईनं विचारलं, मग गर्भनिरोधक गोळ्या देऊन पाळी नियमित का करत नाहीत? त्यानं दर महिन्याला रक्तस्राव होतो, घरचे निर्धास्त होतात आणि खरा आजार झाकला जातो. मेंदू तसाच बंद. अशा गोळ्यांनी या मुलींचं हाड सुधारतं असंही दिसलेलं नाही. म्हणूनच एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत पाळी आणण्यासाठी म्हणून त्या देऊ नयेत असं म्हटलंय. खाणं, विश्रांती, समुपदेशन पुरेसा काळ करूनही पाळी आली नाही, तर काही काळ त्वचेवर लावायचा इस्ट्राडिओलचा पॅच आणि जोडीला ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉन, हा पर्याय डॉक्टर वापरतात.

समुपदेशनाचा भाग कुणी वरवरचा समजू नये. पिट्सबर्गलाच सारा बर्गा यांनी २००३ मध्ये अशा १६ स्त्रिया घेतल्या. निम्म्यांना २० आठवडे विचार-वर्तन उपचार दिले, निम्म्यांवर नुसतं लक्ष ठेवलं. उपचार घेतलेल्या आठांपैकी सहा जणींना पुन्हा बीज सुटू लागलं, दुसऱ्या गटात एकीलाच. ताणाची रसायनंही याच हायपोथॅलॅमसमधून निघतात आणि जीएनआरएचचे झटके दाबतात. या मुलीच्या डोक्यात दोन वाक्यं पक्की होती: 'तूप खाल्लं की पोट सुटतं' आणि 'एक दिवस ग्राउंड चुकलं की मागचं सगळं गेलं'. दोन्ही तपासून पाहायला लावली. सुट्टी संपल्यानंतरच्या दिवसाची १०० मीटरची वेळ लिहायची, बस्स. तीन आठवड्यांत दुसरं वाक्य आपोआप ढिलं झालं. पहिलं जरा चिवट निघालं. वजनकाटा आईच्या कपाटात ठेवून वजन पंधरा दिवसांतून एकदाच करायचं ठरलं, तेव्हा कुठं ताटावर तूप टिकू लागलं.

पाळी थांबली तेव्हा वजन ४६ होतं. पाळी परतायला बहुधा त्याच्याही दोनेक किलो वर जावं लागतं, हे आधीच सांगून ठेवलं, नाहीतर ४६ ला काही झालं नाही की मुली धीर सोडतात. पाळी पाचव्या महिन्यात, ४८ किलोवर आली. पहिल्या दोन-तीन पाळ्या मागं-पुढं होतात, त्याचं काही नाही. मूलबाळाच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे: बीजकोश शाबूत असतात, मेंदूचे झटके परतले की बीज सुटायला लागतं. आणि बीज पाळीच्या आधी सुटतं, म्हणून लग्न झालेल्या मुलींनी 'पाळी नाही, म्हणजे दिवस जाणार नाहीत' या भरवशावर राहू नये.

दुसऱ्या भेटीत मुलगी बाहेर गेल्यावर आईनं स्वतःचं काढलं. वय ४७. पाळी चार महिन्यांपूर्वी शेवटची. रात्री तीनला घामानं गाऊन भिजतो, मग झोप नाही. "खाणं तेवढंच आहे, तरी पोट सुटत चाललंय. थायरॉइड असेल ना?" वजन दोन वर्षांत ६१ वरून ६४, कमरेचा घेर ८८ सेंटिमीटर. आपल्याकडं बायकांना ८० च्या वर गेला की मधुमेह-रक्तदाबाकडं लक्ष द्यायचं असतं.

टीएसएच केलं, ठीक निघालं. लेकीचं इस्ट्रोजेन कमी होतं कारण मेंदू हुकूम देत नव्हता. आईचं कमी होत होतं कारण मेंदू ओरडून सांगतोय आणि बीजकोशात बीजं संपत आली आहेत. इस्ट्रोजेनचा लगाम सुटला की त्याच किसपेप्टिनच्या पेशी फुगतात. नाओमी रान्स यांनी १९९० च्या सुमारास पाळी गेलेल्या स्त्रियांच्या मेंदूत हे प्रत्यक्ष पाहिलं. या पेशी न्यूरोकायनिन-बी नावाचं रसायनही सोडतात आणि ते शेजारच्या तापमान सांभाळणाऱ्या भागाला चेतवतं. अंगात ताप नसतानाही शरीर उष्णता बाहेर टाकायला लागतं: चेहरा लाल, घाम, मग हुडहुडी. न्यूरोकायनिनचा रिसेप्टर अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. ते हार्मोन नाही, पण घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

पोटाच्या घेराचं मूळही तिथंच जवळ आहे. उंदरांच्या माद्यांत हायपोथॅलॅमसच्या एका केंद्रातून इस्ट्रोजेनचा अल्फा रिसेप्टर काढला, तर त्यांचा ऊर्जेचा खर्च घटला आणि पोटात चरबी साचली. शेजारच्या भूक शमवणाऱ्या पेशींतून काढला, तर त्या जास्त खाऊ लागल्या. हे २०११ चं काम. २०२१ मध्ये आणखी कळलं की पहिल्या केंद्रातल्या काही पेशींना इस्ट्रोजेन मिळालं की मादी हिंडू-फिरू लागते. माणसात हे असंच घडतं असं छातीठोक म्हणता येत नाही, पण पाळी जायच्या काळात बायकांची हालचाल नकळत कमी होते आणि पोटातली चरबी वाढते, हे मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या 'स्वान' या दीर्घ अभ्यासात एक बारकावा सापडला: या काळात वजन वाढायचा वेग बदलत नाही, पण चरबी जमण्याचा वेग दुप्पट होतो आणि स्नायू घटू लागतात. शेवटच्या पाळीनंतर साधारण दोन वर्षं हे चालतं.

म्हणून या आईला जेवण अर्धं करायला सांगितलं नाही. आधीच घटणारे स्नायू त्यानं आणखी घटतात. सांगितलं ते असं: रोज चालणं आहेच, त्यात आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस १० वेळा, तीन फेऱ्या. भिंतीला हात टेकून जोर. दोन्ही हातांत दोन-दोन लिटर पाण्याच्या बाटल्या घेऊन चालणं. प्रथिनं दिवसाला ६० ग्रॅमच्या पुढं: वाटीभर घट्ट डाळीत सहा-सात ग्रॅम, दोन अंड्यांत १२, पेलाभर दुधात सहा-सात, असा हिशेब लावला तर त्यांचं नेहमीचं ताट ३५ वरच थांबत होतं. रात्रीच्या जेवणात भाकरी एकच, उसळ दुप्पट. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यायचं. पंचेचाळिशीनंतर लक्षणं स्पष्ट असतील तर एफएसएच करण्याची गरज नसते, तो खर्च वाचवा.

हार्मोनचा उपचार हवा का? घामानं झोप मोडत असेल तर त्याच्याइतकं गुणकारी दुसरं काही नाही. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केला तर बहुतेकींना फायदा जास्त, धोका कमी. गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर अस्तर वेडंवाकडं वाढतं. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गाठ, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर नको. आणि तो वजन उतरवायचा उपचार नव्हे, ती आशा धरून घेऊ नये. 'स्वान'मध्ये घामाचा त्रास निम्म्या बायकांना सात वर्षांहून जास्त टिकला, तेव्हा 'सहा महिने सोस, जाईल' हा घरातला सल्ला चालत नाही.

शेजारच्या बाईनं पिशवीच काढून टाक म्हणून सुचवलं होतं. घाम मेंदूतून येतो, पिशवी काढून तो थांबत नाही. सोबत बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात कोसळतं आणि सगळंच तीव्र होतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं, तरी हा सल्ला गावोगाव अजून मिळतोच.

पाळी लांबली म्हणून या आईनंही लेकीची ती गोळी घेऊन बघायचं ठरवलं होतं. ती घ्यायची नाही. पाळी लांबली तरी दिवस जाऊ शकतात, म्हणून शेवटच्या पाळीनंतर पन्नाशीच्या आत असाल तर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष होईपर्यंत खबरदारी चालू ठेवायची. आणि पाळी सलग १२ महिने बंद राहिल्यानंतर कपड्याला नुसता डाग जरी लागला, तरी 'पाळी परत आली' म्हणून न बसता त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवून अस्तराची जाडी सोनोग्राफीत मोजून घ्यायची.